विमानाच्या भिंतीत पाडलेला दरवाजा

पनवेल हे मालाच्या वाहतुकीवर वाढलेले गाव आहे, ही गोष्ट तेथील उंच इमारती आणि महामार्गावरील वाहनांची न तुटणारी रांग पाहणाऱ्यास आज मुद्दाम सांगावी लागते. खाडीतून मुंबईकडे जाणारी गलबते आणि बोरघाट उतरून आलेल्या बैलगाड्या यांची गाठ ज्या बंदरावर पडत असे, ते हे बंदर; 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हापासून देशावरचा माल मुंबईस आणि मुंबईचा माल देशावर पोहोचविण्याचा व्यवहार याच नाक्यावरून होऊ लागला, आणि गाड्यांची चाके घडविण्याचा येथील धंदा एवढा नावाजला की इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनाही त्याची नोंद घ्यावीशी वाटली. त्याच पनवेलच्या कुशीत, उलव्याची टेकडी उतरवून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून, नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला आहे. 8 ऑक्टोबर 2025 रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या 25 डिसेंबरपासून तेथून नियमित उड्डाणे सुरू झाली. वर्तमानपत्रांनी प्रवाशांच्या सोयींचे वर्णन भरभरून केले. परंतु या विमानतळाच्या आराखड्यात पहिल्या टप्प्यातच वर्षाला पाच लक्ष टन आणि अखेरीस बत्तीस लक्ष टनांच्या घरात मालाची वाहतूक गृहीत धरलेली आहे, तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जवळच 1989 साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर, अंगावरून जाणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, तळोजे आणि पाताळगंगा येथील कारखाने, आणि आता हा विमानतळ, हे सारे एकत्र पाहिले म्हणजे पनवेलचा जुना व्यवसायच त्याच्याकडे चालत आला आहे असे वाटू लागते.

हा माल कोणत्या विमानांतून जाणार, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याचा पुष्कळसा भाग प्रवासी विमानांच्या पोटातूनच जाईल. आपण ज्या आसनावर बसतो त्याच्या पायाखाली औषधांची खोकी, फुलांच्या पेट्या आणि टपालाच्या थैल्या असतात, हे बहुतेक प्रवाशांच्या ध्यानीही नसते. परंतु जो माल त्या पोटात मावत नाही, ज्याला रात्रीच निघून पहाटेपूर्वी पोहोचायचे असते, किंवा जो अशा ठिकाणी जायचा असतो की जेथे प्रवाशांचे येणेजाणे तुरळक आहे, त्याच्यासाठी स्वतंत्र मालवाहू विमान लागते. आणि आपल्या आकाशात रात्री उडणारी अशी बहुतेक विमाने मालवाहू म्हणून जन्मास आलेली नसून, दहा-पंधरा-वीस वर्षे माणसे वाहून झाल्यावर त्यांचा आतून-बाहेरून कायापालट केलेला असतो. मुंबईत 1983 साली स्थापन झालेल्या ब्लू डार्ट कंपनीने 1996 पासून स्वतःची मालवाहू विमाने चालविण्यास आरंभ केला, तो बोइंग 737-200 जातीच्या विमानांवर. पुढे तिने बोइंग 757 घेतली, तीही पूर्वाश्रमीची प्रवासी विमानेच. इंडिगोने 2022 साली घेतलेले एअरबस ए-321 मालवाहू विमान आणि जानेवारी 2023 मध्ये अॅमेझॉनसाठी हैदराबादेहून सुरू झालेली बोइंग 737-800 विमानेही याच कुळातील आहेत.

नवे विमान घेण्याऐवजी जुने बदलून घेण्यात केवळ काटकसर आहे असे समजणे बरोबर होणार नाही. पहिली गोष्ट अशी की, या मध्यम आकाराच्या जेट विमानांत कारखान्यातूनच मालवाहू म्हणून बाहेर पडणारे नवे विमान आज बोइंगही विकत नाही आणि एअरबसही विकत नाही. तेव्हा ज्याला वीस-पंचवीस टन माल मुंबईहून दिल्लीस किंवा गुवाहाटीस न्यायचा आहे, त्याला बदललेल्या विमानावाचून दुसरा मार्गच नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रवासी विमान दिवसाचे दहा-बारा तास हवेत राहिले तरच त्याची भारी किंमत वसूल होते, आणि एवढ्या तासांच्या उड्डाणात नव्या इंजिनाने वाचविलेले इंधन ही लहानसहान रक्कम नसते. म्हणून विमान थोडे जुने झाले की ते विमानकंपनीला परवडेनासे होते, मग त्याच्या धातूत अजून कितीही जीव असो. याउलट कुरिअरचे विमान रात्री दोन-तीन फेऱ्या करते आणि दिवसाचा बराच काळ उभे राहते. जे थोडे तास उडते त्याच्या बाबतीत इंधनापेक्षा खरेदीची किंमत अधिक बोचते, आणि जुन्या विमानाची किंमत नव्याच्या कितीतरी कमी असते. अशा रीतीने एका कामास जे म्हातारे ठरले तेच दुसऱ्या कामास नेमके वयाचे ठरते, आणि त्याला आणखी पंधरा-वीस वर्षांची सेवा लाभते.

या प्रकाराचा इतिहास आपल्या देशात उलट्या दिशेने सुरू झाला होता, हे सांगितले पाहिजे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा सैन्याच्या मालाची ने-आण करणारी शेकडो डकोटा विमाने हिंदुस्थानात शिल्लक राहिली. ती विकत घेऊन, बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात व इतरत्र त्यांत आसने बसवून, त्या वेळच्या नव्या-नव्या विमानकंपन्यांनी प्रवाशांची वाहतूक मांडली. म्हणजे मालाचे विमान माणसांचे झाले. याच डकोटांनी आपल्या नागपुरात एक अशी व्यवस्था चालविली की तिच्याबद्दल महाराष्ट्राने रास्त अभिमान बाळगावा. 1949 च्या जानेवारीत सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालाच्या योजनेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे, मध्यरात्रीनंतर चारही विमाने नागपूरला एकत्र जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडण्याच्या सुमारास जो तो आपल्या गावी परते; मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यास वाटले जाई. अमेरिकेत फ्रेडरिक स्मिथ यांनी मेम्फिस येथे सारी पार्सले रात्री एका ठिकाणी आणून वाटण्याची पद्धत सुरू केली ती 17 एप्रिल 1973 रोजी, म्हणजे नागपुरानंतर चोवीस वर्षांनी. आणि त्यांच्या फेडरल एक्सप्रेस कंपनीची ती पहिली चौदा विमाने धनिकांच्या प्रवासासाठी बांधलेली छोटी फाल्कन जेट विमाने होती, ज्यांच्या कुशीला मोठा दरवाजा पाडून ती पार्सलांसाठी सिद्ध केली होती. मेम्फिसचे नाव व्यापारशास्त्राच्या पुस्तकांत गेले. नागपूरच्या त्या रात्रींची आठवण मात्र टपाल खात्यातील जुन्या माणसांबरोबर विरून गेली, याचे मला फार वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मुदत भरलेले विमान हँगरमध्ये आले की आरंभ होतो तो ते रिकामे करण्यापासून: आसने, गालिचे, डोक्यावरचे सामानाचे कप्पे, स्वयंपाकघरे, शौचालये, प्राणवायूचे मुखवटे आणि या साऱ्यांना पुरविलेली मैलोगणती तार, हे सर्व उतरवले जाते, आणि मग प्रथमच त्या विमानाची खरी हाडे दिसू लागतात. स्वयंपाकघरांच्या आणि शौचालयांच्या खाली वर्षानुवर्षे ओल झिरपलेली असते. तेथील आडव्या तुळया गंजलेल्या निघण्याचा संभव सर्वांत अधिक, म्हणून अनुभवी कारागीर आधी तेथेच हात घालतो. मोठी तपासणीही याच वेळी उरकून घेतली जाते, कारण विमान इतके उघडे पुन्हा कधी पडणार?

त्यानंतरचे काम सर्वांत अवघड, सर्वांत मोलाचे, आणि या साऱ्या विद्येचे मर्म. प्रवाशांच्या दारातून माणूस आत जातो, परंतु सुमारे सव्वातीन मीटर लांबीचे अॅल्युमिनियमचे फळे, ज्यांवर जाळीखाली माल बांधलेला असतो, ते त्यातून जाणे अशक्य. म्हणून विमानाच्या डाव्या अंगाला, पंखाच्या पुढे, एक मोठा दरवाजा पाडावा लागतो. बोइंग 737 मध्ये तो सुमारे साडेतीन मीटर रुंद आणि दोन मीटरहून थोडा अधिक उंच असतो. जुन्या वाड्याच्या भार वाहणाऱ्या भिंतीत नवे दार काढायचे झाले तर गवंडी आधी वरचा भार टेकूंवर तोलून धरतो, चौकट आणि तुळई बसवितो आणि मगच भिंत फोडतो. येथेही तसेच आहे, फरक एवढाच की ही भिंत एका मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्याची आहे आणि तिच्यावरचा भार आतून बाहेरच्या दिशेने आहे. विमान दहा किलोमीटर उंचीवर गेले की बाहेरची हवा विरळ होते आणि आतली माणसांसाठी दाबून ठेवलेली असते; या दोहोंतील फरक दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहून अधिक भरतो, आणि त्या हिशेबाने नव्या दरवाजावर एकंदर चाळीस टनांच्या आसपास जोर पडतो. प्रत्येक उड्डाणात तो जोर चढतो आणि प्रत्येक उतरण्यात ओसरतो. भोक पाडण्यापूर्वी त्या पत्र्यातून जो ताण सरळ वाहत होता त्याला आता भोकाला वळसा घालून जावे लागते. म्हणून भोवतीच्या कमानी अधिक जाड बसवितात, वरखाली नवे पत्रे जोडतात, आणि हजारो रिव्हेट एकेका छिद्रात, छिद्राच्या कडेला ओरखडासुद्धा न राहील अशा काळजीने ठोकतात. कापण्यापूर्वी सबंध विमान जॅकवर आणि टेकूंवर असे तोलून धरतात की त्याच्या अंगात कोठेही ताण उरू नये. कारण ताणलेल्या अवस्थेत कापलेला सांगाडा किंचित जरी पिळवटला तरी तो दरवाजा पुन्हा कधीच नीट बसत नाही.

दरवाजाचे गांभीर्य जगाने फार मोठी किंमत देऊन ओळखले आहे. 3 मार्च 1974 रोजी पॅरिसजवळ टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-10 विमानाचा पोटातील मालाचा दरवाजा, नीट न अडकल्यामुळे, हवेत उडून गेला आणि 346 माणसे मृत्युमुखी पडली. ते विमान मूळचे प्रवासीच होते आणि तो दरवाजाही कारखान्यात बसविलेला होता. परंतु आजच्या प्रत्येक बदललेल्या विमानात खिळी पूर्ण बसली की नाही हे वैमानिकास दिव्याने दाखविणारी आणि जमिनीवरील माणसास डोळ्यांनी पाहता येणारी जी दुहेरी व्यवस्था असते, तिच्या मागे अशा दुर्घटनांची शिकवण आहे.

दरवाजानंतर जमीन. माणसे बसलेल्या जमिनीवरचा भार सर्वत्र विखुरलेला असतो. मालाचा एकच फळा कित्येक टनांचा असू शकतो. म्हणून तुळया मजबूत करून किंवा पार बदलून त्यांच्यावर रोलर बसवितात, दरवाजापाशी कोणत्याही दिशेने फिरणाऱ्या गोळ्यांची जागा करतात, आणि प्रत्येक फळा आपल्या ठिकाणी जखडणारी कुलुपे लावतात. वैमानिकांच्या पाठीमागे एक भक्कम आडभिंत उभी राहते. विमान एकाएकी थांबले तर मालाच्या वजनाच्या नऊपट जोर तिने सोसला पाहिजे असा दंडक आहे, म्हणजे वीस टन मालामागे एकशे ऐंशी टन. खिडक्या काढून त्यांच्या जागी धातूच्या चकत्या बसवितात. बाहेरून पाहणाऱ्यास मालवाहू विमान ओळखू येते ते या आंधळ्या भिंतीमुळे.

आगीचा बंदोबस्त मात्र सामान्य माणसाला चकित करील असा आहे. वरच्या मजल्यावर माल भरलेला असताना आग विझविणारा वायू सोडून तो सारा मजला भरणे व्यवहार्य नसते. म्हणून धूर दाखविणारी यंत्रे बसवितात, आणि इशारा झाला की वैमानिक आपले प्राणवायूचे मुखवटे चढवितात, मालाकडे जाणारी हवा बंद करतात आणि आतला दाब सोडून देतात. त्या उंचीवरील विरळ हवेत आग घुसमटते, आणि तोवर विमानाने जवळचा विमानतळ गाठायचा. लिथियमच्या बॅटऱ्यांच्या आगीपुढे ही युक्ती पुरी पडत नाही, हे 2010 साली दुबई येथे जळालेल्या यूपीएस कंपनीच्या विमानाने दाखविले, आणि तेव्हापासून अशा मालाच्या नियमांत पुष्कळ कडकपणा आला आहे.

हे सारे काम तीन-चार महिन्यांत पुरे होते. परंतु कोणत्याही कारखान्याला मनात आले म्हणून ते करता येत नाही. मूळ विमानाला जसे सरकारचे मान्यतापत्र असते तसे या बदलासाठी स्वतंत्र पूरक प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळविण्यास गणिते, नकाशे आणि चाचण्यांची कित्येक वर्षे खर्ची पडतात. त्यामुळे ही विद्या जगात मोजक्या ठिकाणी एकवटली आहे: इस्रायलचा सरकारी विमानकारखाना, जर्मनीतील ड्रेस्डेन, सिंगापूर, अमेरिकेतील मायामी, चीनमधील काही शहरे. बोइंगने बदललेले पहिले 737-800 विमान 2018 साली बाहेर पडले, ते सुमारे चोवीस टन माल नेते. ए-321 चे पहिले विमान 2020 साली ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासकडे गेले. एअर इंडियानेही पूर्वी आपली काही ए-310 विमाने मालवाहू करून घेतली होती.

बदललेल्या विमानाचे वय हा भीतीचा विषय आहे का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि त्याला गुळमुळीत उत्तर देणे योग्य नाही. विमानाचे वय वर्षांपेक्षा ते किती वेळा चढले-उतरले यावर अधिक अवलंबून असते. 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चे छप्पर हवेत फाटून गेले, तेव्हा त्या विमानाची वर्षे एकोणीसच होती, परंतु बेटाबेटांमधील लहान-लहान फेऱ्यांमुळे त्याची उड्डाणे 89 हजारांवर गेली होती आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने त्याचे सांधे खाल्ले होते. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम मुळापासून बदलले. तरीही धोका संपलेला नाही. 4 नोव्हेंबर 2025 रोजी अमेरिकेत लुईव्हिल येथे यूपीएसचे एमडी-11 विमान उड्डाण करीत असतानाच त्याचे डावे इंजिन आधारासह निखळले. तीनही वैमानिक आणि जमिनीवरील कित्येक माणसे प्राणास मुकली. ते विमान 1991 साली थाई एअरवेजसाठी प्रवासी म्हणून बांधले गेले होते आणि 2006 साली मालवाहू झाले होते. प्राथमिक तपासात इंजिनाच्या आधारात धातूच्या थकव्याचे तडे आढळले. पाडलेल्या दरवाजाचा किंवा मजबूत केलेल्या जमिनीचा त्यात दोष दिसला नाही. परंतु यावरून एवढे निश्चित समजावे की विमानाला दुसरे आयुष्य देणाऱ्याने त्याच्या पहिल्या आयुष्यातील प्रत्येक सांधा उघडून पाहण्याची जबाबदारीही पत्करलेली असते, आणि त्या जबाबदारीस मुदत नाही.

प्रत्येक विमानाच्या नशिबी असे दुसरे आयुष्य असतेच असेही नाही. मुंबईकरांच्या तीन पिढ्यांनी माना वर करून पाहिलेल्या एअर इंडियाच्या जंबो जेटांपैकी एक 22 एप्रिल 2024 रोजी मुंबईहून कायमचे निघाले, आणि उड्डाणानंतर वैमानिकांनी पंख हलवून शहराचा निरोप घेतला. अमेरिकेत त्याचे सुटे भाग निघायचे होते. दुसरे उदाहरण कोलकात्याचे आहे. 1982 साली इंडियन एअरलाइन्समध्ये दाखल झालेले एक बोइंग 737-200 पुढे अलायन्स एअरकडे गेले, 2007 मध्ये मालवाहू होऊन टपाल खात्याच्या सेवेत आले, 2012 मध्ये निवृत्त होऊन कोलकात्याच्या विमानतळावर उभे राहिले आणि कंपनीच्या दप्तरांतून त्याची नोंदच सुटली. 2025 च्या नोव्हेंबरात ते रस्त्याने बंगळुरूस नेण्यात आले, विमानदुरुस्ती शिकणाऱ्या मुलांच्या हाताखाली. माणसे, मग टपाल, आणि मग विद्यार्थी: एका यंत्राने याहून अधिक काय द्यावे?

या साऱ्याचा पनवेलशी संबंध मला असा दिसतो. मालवाहू विमाने येथे येणार, यात संशय नाही. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दाटी पाहता 2025 पासूनच ती इकडे वळविण्याची भाषा सुरू झाली आहे. वाशीच्या केंद्रात विकिरणप्रक्रिया होऊन अमेरिकेस जाणारा हापूस, फेब्रुवारीत मावळातून निघणारे गुलाब, रायगड-ठाण्याच्या कारखान्यांतील औषधे, या नाशवंत व मौल्यवान मालाला हा विमानतळ सर्वांत जवळचा. परंतु विमाने केवळ येऊन-जाऊन राहिली तर पनवेलच्या वाट्यास हमाली आणि ट्रकची रांग एवढेच येईल. विमान उघडून पुन्हा बांधण्याची विद्याही येथे आली पाहिजे. ती भारतात येण्याची चिन्हे दिसतात: 2022 साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सने इस्रायलच्या कारखान्याशी असा बदल करण्याविषयी सामंजस्य करार केला, आणि मार्च 2023 मध्ये बोइंगने हैदराबादच्या जीएमआर एरो टेक्निकबरोबर 737-800 च्या रूपांतराची योजना जाहीर केली. महाराष्ट्रही रिकाम्या हाताने बसलेला नाही; नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने बांधून दिलेले हँगर 2015 पासून एअर इंडियाच्या अभियांत्रिकी शाखेने चालविले, आणि कालिन्याच्या कर्मशाळांत कोकणातून व घाटावरून आलेल्या कारागिरांच्या पिढ्या इंजिने उघडीत आल्या आहेत.

यातील एक मोठी अडचण सहसा बोलली जात नाही. भारतीय विमानकंपन्यांची बहुतेक विमाने भाड्याची असतात. त्यांचे मालक आयर्लंडसारख्या देशांत बसलेले, आणि विमानाची मुदत भरली की ते मोडायचे, दुसऱ्यास द्यायचे की मालवाहू करायचे, आणि कोणत्या देशात, हे तेच ठरवितात. आपल्या आकाशात दहा वर्षे उडालेले विमान म्हणून परदेशी जाते, तेथे कापले जाते, आणि कदाचित मालवाहू होऊन आपल्याकडे पुन्हा भाड्याने येते. ते काम आपल्याकडे खेचावयाचे तर दर, मुदत आणि दाखले या तिन्ही बाबतींत मालकाचा विश्वास मिळवावा लागेल. करांचा अडथळा बराच हलका झाला आहे. दुरुस्तीच्या सेवेवरील जीएसटी 2020 साली अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आणि आयात होणाऱ्या सुट्या भागांवरील कर जुलै 2024 पासून सरसकट पाच टक्के झाला. उरतात जागा आणि माणसे.

जागेची घाई आहे, कारण धावपट्टीला लागून असलेली जमीन एकदा हॉटेले, दुकाने आणि वाहनतळ यांच्या ताब्यात गेली की विमान चार महिने स्वस्थ उभे करता येईल असे हँगर पुन्हा तेथे बसविणे कोणत्याही प्राधिकरणास जमणार नाही. सिडको आणि विमानतळाचे चालक यांनी दोन-तीन हँगरांची जागा आजच नकाशावर राखून ठेवावी. माणसांच्या बाबतीत तर प्रश्न नुसत्या सोयीचा नाही, न्यायाचा आहे. चिंचपाडा, कोपर, कोल्ही, उलवे, वाघिवली, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी या आणि शेजारच्या अशा एकूण दहा गावांनी घरे, भातखाचरे आणि मासेमारीच्या जागा सोडल्या तेव्हा हा विमानतळ झाला. त्या घरांतील मुलांना सुरक्षारक्षकाच्या आणि सफाईच्या नोकऱ्या देऊन ते ऋण फिटत नाही. पत्रा कापणे, रिव्हेट ठोकणे, तड्यांचा शोध घेणे, तुळईचा गंज ओळखणे ही हाताची विद्या आहे. ती दोन-तीन वर्षांच्या शिक्षणाने आणि पुढच्या सक्त उमेदवारीने येते, तिला जगभर मागणी आहे, आणि ती आलेल्या माणसाला पनवेलमध्येच राहून सन्मानाने पोट भरता येते. बंगळुरूस गेलेल्या त्या जुन्या 737 सारखे एखादे निवृत्त विमान येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या आवारात आणून उभे करणे, आणि पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेणाऱ्या पहिल्या तुकडीच्या हाती ते उघडण्यासाठी देणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल.